इंग्रजीतील परिमाणवाचक शब्द आणि क्रियापदे: एकवचन की अनेकवचन, हे ठरवण्याची रीत

मराठीत तांदूळ निवडले जातात, केस पांढरे होतात आणि पैसे संपतात. तिन्ही ठिकाणी नाम अनेकवचनी आहे आणि क्रियापदही त्याच्या मागोमाग अनेकवचनी होते. इंग्रजीत मात्र 'राइस', 'हेअर' आणि 'मनी' ही तिन्ही नामे एकवचनी धरली जातात, म्हणून 'द राइस इज क्लीन', 'हिज हेअर इज ग्रे' आणि 'द मनी हॅज रन आउट' असेच लिहावे लागते. उलट मराठीत एक कात्री, एक विजार आणि एक चष्मा असतो, तर इंग्रजीत 'सिझर्स', 'ट्राउझर्स' आणि 'ग्लासेस' ही नामे कायम अनेकवचनी राहतात आणि त्यांच्यामागे 'आर' येते. मराठी माणसाच्या इंग्रजीतील वचनाच्या बहुतेक चुका नियम पाठ नसल्यामुळे होत नाहीत. मराठीने त्या नामाला दिलेले वचन तो नकळत इंग्रजीत घेऊन जातो, म्हणून त्या होतात.

गोव्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. इथली पुष्कळ मुले पहिली ते चौथी मराठीतून शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. तोपर्यंत कोणते नाम एक आणि कोणते अनेक, ही जाण मराठीतच पक्की झालेली असते. पुढे पंचायतीला द्यायचा अर्ज, मामलेदार कचेरीतील निवेदन, नोकरीसाठीचे पत्र किंवा हॉटेलातील पाहुण्याला पाठवायचा ईमेल लिहिताना हीच जाण आड येते. या लेखात एक रीत पायरीपायरीने मांडली आहे. ती मराठीपासून सुरू होते, कारण आपली अडचणही तिथूनच सुरू होते.

पहिली पायरी: क्रियापदाचा धनी शोधणे

'पात्र उमेदवारांची यादी लागली आहे' या वाक्यात 'उमेदवारांची' हा शब्द आधी येतो आणि 'यादी' क्रियापदाच्या जवळ असते. मराठीत षष्ठीचे नाम पुढे आणि मुख्य नाम त्याच्यामागे, अशी रचना असल्यामुळे मुख्य नाम आणि क्रियापद सहसा शेजारी येतात. जवळच्या नामाकडे पाहून क्रियापद चालवण्याची सवय म्हणून मराठीत आपल्याला फसवत नाही. इंग्रजीत ही रचना उलटी होते. 'द लिस्ट ऑफ एलिजिबल कॅन्डिडेट्स' यात मुख्य नाम 'लिस्ट' आधी येते, 'कॅन्डिडेट्स' मागून येते आणि क्रियापदाला जाऊन चिकटते. कान 'कॅन्डिडेट्स' ऐकतो आणि हात 'आर' लिहितो. बरोबर वाक्य 'द लिस्ट ऑफ एलिजिबल कॅन्डिडेट्स इज ऑन द नोटिस बोर्ड' असे आहे.

म्हणून वाक्य लिहून झाल्यावर प्रथम क्रियापदाखाली रेघ मारावी आणि मग त्याच्या आधीचा 'ऑफ' शोधावा. 'ऑफ'पासून पुढचा भाग बोटाने झाकून उरलेले वाक्य वाचावे. 'द लिस्ट इज' हे कानाला लगेच पटते. 'द कंडिशन ऑफ द रोड्स इज बॅड', 'द प्राइस ऑफ कोकोनट्स हॅज गॉन अप', 'द क्वालिटी ऑफ द मँगोज वॉज गुड' या वाक्यांना हीच कसोटी लागू पडते. ही झाकण्याची युक्ती बहुतेक ठिकाणी उपयोगी आहे. ती जिथे चालत नाही अशी शब्दांची एक मोठी जमात आहे आणि तिसऱ्या पायरीत तिच्याकडेच वळायचे आहे.

'टुगेदर विथ', 'अलाँग विथ' आणि 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' या जोडशब्दांच्या मागून येणारा भागही असाच झाकावा. 'द सरपंच, टुगेदर विथ द पंच मेंबर्स, वॉज प्रेझेंट' येथे पंच कितीही असोत, क्रियापद सरपंचाचे आहे. 'अँड'ने जोडलेले दोघे मात्र खरोखरच दोन होतात: 'द सरपंच अँड द सेक्रेटरी वेअर प्रेझेंट'. 'ऑर' आणि 'नॉर' आले, तर क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालते. 'नायदर द सरपंच नॉर द मेंबर्स वेअर प्रेझेंट' या वाक्यात 'मेंबर्स' जवळ आहेत म्हणून 'वेअर' आले.

दुसरी पायरी: मराठीच्या तीन सवयी बाजूला ठेवणे

धनी सापडला तरी मराठीच्या तीन सवयी त्याला बदलू पाहतात. त्या ओळखल्याशिवाय पुढे गेल्यास सगळी मेहनत वाया जाते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

पहिली सवय आदरार्थी अनेकवचनाची. 'बाबा आले आहेत', 'सरपंच म्हणाले', 'बाई शिकवतात' असे बोलणे हे आपल्या भाषेतील सौजन्य आहे. इंग्रजीत आदर 'मिस्टर', 'सर', 'मॅडम' किंवा पदनामातून दाखवतात. क्रियापदातून तो दाखवत नाहीत. 'माय फादर हॅव कम' हे वाक्य आदरपूर्वक लिहिलेले असले तरी चूक आहे. 'माय फादर हॅज कम' असे लिहिल्याने वडिलांचा मान तिळभरही कमी होत नाही.

दुसरी सवय कर्मणि प्रयोगाची. 'त्याने तीन अर्ज दिले आहेत' या वाक्यात 'आहेत' हे अनेकवचन अर्जांमुळे आले आहे, देणाऱ्यामुळे नाही. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जाते. इंग्रजी कर्तरी वाक्यात ते कधीही कर्माकडे पाहत नाही, म्हणून 'ही हॅज गिव्हन थ्री अ‍ॅप्लिकेशन्स' हेच बरोबर. अर्ज तीन असोत वा तीस, 'हॅज' बदलणार नाही.

तिसरी सवय 'तिला दोन मुलगे आहेत' अशा वाक्यांची. येथे मराठीचा कर्ता 'मुलगे' आहे आणि ती चतुर्थीत आहे. इंग्रजीत ती कर्ता होते: 'शी हॅज टू सन्स'. 'आमच्या वाड्याला (म्हणजे वॉर्डाला) चार विहिरी आहेत' याचे इंग्रजी करताना 'अवर वॉर्ड हॅज फोर वेल्स' असे लिहावे. 'देअर' वापरायचे ठरवले, तर मात्र विहिरी पुन्हा कर्त्याच्या जागी येतात आणि 'देअर आर फोर वेल्स इन अवर वॉर्ड' असे होते. 'देअर'ने सुरू होणाऱ्या वाक्यात कर्ता क्रियापदाच्या नंतर येतो, म्हणून तेथे मागे न पाहता पुढे पाहावे.

तिसरी पायरी: परिमाणवाचक शब्दाचे कूळ ओळखणे

आता मुख्य विषय. 'काही', 'बरेच', 'निम्मे', 'प्रत्येक', 'एकही नाही' या अर्थाचे इंग्रजी शब्द तीन कुळांत विभागता येतात. शब्द कोणत्या कुळातला हे कळले की क्रियापद जवळजवळ आपोआप ठरते.

पहिल्या कुळातील शब्द काहीही झाले तरी एकवचनी असतात. 'ईच', 'एव्हरी', 'ऑर' किंवा 'नॉर'शिवाय एकटे आलेले 'आयदर' आणि 'नायदर', 'एव्हरीबडी', 'नोबडी' आणि 'वन ऑफ' हे या कुळातले. गोवा विधानसभेत 40 सदस्य आहेत, तरीही 'ईच ऑफ द फोर्टी मेंबर्स हॅज वन व्होट' असेच लिहायचे, कारण विचार एकेका सदस्याचा चालला आहे. 'आयदर' आणि 'नायदर' यांच्यामागे बोलण्यात अनेकवचन सर्रास ऐकू येते आणि त्यावरून कोणाला टोकणे योग्य नाही, पण लेखी अर्जात एकवचनच वापरावे.

या कुळात सर्वाधिक चुका 'वन ऑफ' पाशी होतात आणि त्या दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे 'ऑफ'नंतरचे नाम एकवचनी लिहिणे. 'वन ऑफ द बेस्ट नोन मार्केट' असे होऊ शकत नाही, कारण अनेकांतूनच एक निवडायचा असतो. 'द फ्रायडे बाजार ऑफ म्हापसा इज वन ऑफ द बेस्ट नोन मार्केट्स इन गोवा' हे नीट वाक्य. दुसरी चूक म्हणजे नाम अनेकवचनी लिहिल्यावर क्रियापदही तसेच करणे. 'वन ऑफ द बोट्स आर लेट' हे चूक, 'वन ऑफ द बोट्स इज लेट' हे बरोबर. नामाला अनेकवचन आणि क्रियापदाला एकवचन, ही जोडी डोक्यात पक्की बसवावी.

येथे एक खोलवरचा प्रश्न उरतो आणि चांगले इंग्रजी लिहिणारेही त्यात अडखळतात. 'शी इज वन ऑफ द टीचर्स हू ...' असे वाक्य आले, तर पुढे 'टीच' लिहायचे की 'टीचेस'? उत्तर 'हू' कोणाविषयी आहे यावर अवलंबून आहे. 'जे शिक्षक दोन भाषांतून शिकवतात त्यांच्यापैकी ती एक' असा अर्थ असेल, तर शिकवणारे अनेक आहेत, म्हणून 'शी इज वन ऑफ द टीचर्स हू टीच इन टू लँग्वेजेस'. 'ती एकटीच' असा अर्थ असेल, तर 'शी इज द ओन्ली वन ऑफ द टीचर्स हू टीचेस इन टू लँग्वेजेस'. मराठीत 'जे' आणि 'जी' ही रूपे वेगवेगळी असल्याने हा फरक आपल्याला सहज दिसतो. वाक्य आधी मराठीत 'जे' किंवा 'जी' घालून बोलून पाहिले की इंग्रजी क्रियापद सापडते. मराठी आडवी येते तशी अशा वेळी मदतीलाही येते आणि ती मदत अवश्य घ्यावी.

'मोर दॅन वन' आणि 'मेनी अ' हे दोन शब्दसमूहही याच कुळात मोडतात. अर्थ अनेकांचा असतो, पण शेजारचे नाम एकवचनी असल्यामुळे क्रियापद एकवचनी राहते: 'मोर दॅन वन फेरीबोट वॉज कॅन्सल्ड'. 'मेनी अ' आता मुख्यतः साहित्यिक लेखनात आढळतो.

दुसऱ्या कुळातील शब्दांना स्वतःचे वचन नसते. 'ऑल', 'सम', 'मोस्ट', 'हाफ', 'अ लॉट', 'प्लेंटी', 'द रेस्ट', 'मेजॉरिटी', सर्व अपूर्णांक आणि टक्केवारी हे शब्द 'ऑफ'नंतरच्या नामाकडून वचन उसने घेतात. पहिल्या पायरीत सांगितलेली झाकण्याची युक्ती येथे सोडून द्यावी लागते. 'मोस्ट ऑफ द रेन फॉल्स बिट्वीन जून अँड सप्टेंबर' यात पाऊस मोजता येत नाही, म्हणून 'फॉल्स'. 'मोस्ट ऑफ द व्हिजिटर्स कम इन विंटर' यात पाहुणे मोजता येतात, म्हणून 'कम'. 'सिक्स्टी पर्सेंट ऑफ द वॉटर इज सेफ' आणि 'सिक्स्टी पर्सेंट ऑफ द वेल्स आर सेफ' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहिली की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. 'टू-थर्ड्स'मध्ये 'दोन' आहे म्हणून अनेकवचन, असा समज चुकीचा आहे. 'टू-थर्ड्स ऑफ द बिल्डिंग इज रेडी' हेच बरोबर, कारण इमारत एक आहे.

'मेजॉरिटी' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोघांची क्रियापदे वेगळी. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात झालेल्या जनमत कौलात केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने 1,38,170 मते पडली. या घटनेविषयी लिहिताना 'बहुसंख्य मतदार' असे म्हणायचे असेल, तर 'द मेजॉरिटी ऑफ व्होटर्स वेअर अगेन्स्ट मर्जर' असे लिहावे. दोन बाजूंमधील फरक, म्हणजे मताधिक्य सांगायचे असेल, तर ती एकच संख्या असल्यामुळे 'द मेजॉरिटी वॉज 34,021' असे लिहावे. मराठीत 'बहुसंख्य' आणि 'मताधिक्य' हे वेगळे शब्द आहेत, त्यामुळे कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

'नन' हा शब्दही याच कुळात ठेवावा. 'नन' म्हणजे 'नॉट वन', म्हणून त्याच्यामागे एकवचनच हवे, असे अनेक वर्गांत ठामपणे शिकवले जाते. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'नाही' आणि 'एक' या दोन शब्दांच्या संयोगातून आला हे खरे, पण तो तेव्हापासूनच अनेकवचनी अर्थानेही वापरला जात आला आहे. अगणनीय, म्हणजे मोजता न येणारे, नाम असेल तर एकवचन अनिवार्य आहे: 'नन ऑफ द मनी वॉज स्पेंट'. गणनीय नाम असेल तर 'नन ऑफ द शॉप्स इज ओपन' आणि 'नन ऑफ द शॉप्स आर ओपन' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परीक्षेत एकवचन लिहिणे सुरक्षित आहे. पण दुसऱ्याच्या लेखनातील अनेकवचनावर लाल शाईने काट मारणे हा त्या लिहिणाऱ्यावर अन्याय आहे.

तिसऱ्या कुळात उपपद निर्णय करते. 'अ नंबर ऑफ' म्हणजे 'कित्येक' आणि त्याच्यामागे अनेकवचन येते. 'द नंबर ऑफ' म्हणजे 'संख्या' आणि त्याच्यामागे एकवचन येते. 'अ नंबर ऑफ हाउसेस आर एम्प्टी' याचा अर्थ 'कित्येक घरे रिकामी आहेत'. 'द नंबर ऑफ एम्प्टी हाउसेस इज ग्रोइंग' याचा अर्थ 'रिकाम्या घरांची संख्या वाढते आहे'. मराठी वाक्यात 'घरे' कर्ता आहे की 'संख्या', एवढे पाहिले तरी पुरते. 'अ कपल ऑफ' हा शब्दसमूह 'अ नंबर ऑफ'सारखा चालतो. 'अ सिरीज ऑफ' आणि 'अ पेअर ऑफ' यांना सहसा एकवचन लावतात, म्हणून 'द सिझर्स आर ऑन द टेबल' पण 'अ पेअर ऑफ सिझर्स इज ऑन द टेबल'.

चौथी पायरी: नाम मोजता येते का, हे इंग्रजीला विचारणे

दुसऱ्या कुळातील शब्द नामाकडून वचन घेतात, पण त्या नामाचे वचन आपल्याला ठाऊक असले तरच ते उपयोगाचे. येथे मराठीवर विसंबता येत नाही. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या तांदूळ, केस आणि पैसे यांच्याप्रमाणेच 'बातम्या' आणि 'सल्ले' हे शब्दही धोक्याचे आहेत. 'न्यूज' शेवटी 'एस' असूनही एकवचनी आहे: 'द न्यूज इज गुड'. 'अ‍ॅडव्हाइस'चे अनेकवचन होत नाही. दोन सल्ले द्यायचे असतील, तर 'टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस' म्हणावे. 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'इन्फर्मेशन', 'होमवर्क' आणि 'ट्रॅफिक' यांनाही 'एस' लागत नाही. हॉटेलांच्या पाट्यांवर आणि माहितीपत्रकांवर 'लगेजेस' आणि 'फर्निचर्स' ही रूपे दिसतात. ती पाहून डोळ्याला सवय होते, म्हणून ती शुद्ध ठरत नाहीत. काजूगर मात्र इंग्रजीत मोजता येतात: 'द कॅश्यूज आर फ्रेश'.

'फिश' दोन्ही बाजूंनी चालते. टोपलीतील किंवा ताटातील मासळी म्हणून 'द फिश इज फ्रेश', आणि एकेक मासा मोजताना 'थ्री फिश आर लेफ्ट'. 'फिशेस' हे रूप मुख्यतः माशांच्या वेगवेगळ्या जातींविषयी लिहिताना वापरतात.

नाम गणनीय ठरले की त्याच्यासोबत 'मेनी', 'फ्यू', 'फ्यूअर' आणि 'नंबर' येतात. अगणनीय ठरले की 'मच', 'लिटल', 'लेस' आणि 'अमाउंट' येतात. 'मच' साध्या होकारार्थी वाक्यात अवघडल्यासारखा वाटतो. 'वी हॅव मच रेन' ऐवजी 'वी हॅव अ लॉट ऑफ रेन' लिहावे आणि 'मच' नकारार्थी व प्रश्नार्थी वाक्यांसाठी राखावा.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतील फरक समजावताना व्याकरणाची पुस्तके लांबलचक खुलासे करतात. मराठी वाचकाला एवढा खुलासा लागत नाही, कारण आपल्याकडे 'च' आहे. 'थोडे लोक आले' म्हणजे 'अ फ्यू पीपल केम'. 'थोडेच लोक आले' म्हणजे 'फ्यू पीपल केम'. पहिल्या वाक्यात समाधान आहे, दुसऱ्यात निराशा आहे. 'देअर इज अ लिटल वॉटर इन द टँक' म्हणजे टाकीत थोडे पाणी आहे, काम भागेल. 'देअर इज लिटल वॉटर इन द टँक' म्हणजे थोडेच पाणी आहे, काळजी करावी. म्हणून पाणीपुरवठ्याच्या तक्रारीत 'अ लिटल वॉटर' लिहिले, तर तक्रारीचा जोरच निघून जातो. 'क्वाइट अ फ्यू' हा शब्दसमूह मात्र 'बरेच' असा उलट अर्थ देतो, म्हणून तो जपून वापरावा.

'लेस' आणि 'फ्यूअर' यांविषयी वाद जुना आहे. गणनीय नामाबरोबर 'फ्यूअर'च हवा, हे मत रॉबर्ट बेकर या इंग्रज लेखकाने 1770 मध्ये मांडले आणि तेही आपली पसंती म्हणून. पुढे त्या पसंतीचा नियम झाला. त्याआधी अनेक शतके 'लेस' दोन्हीकडे वापरला जात होता. औपचारिक लेखनात हा नियम पाळावा असे माझे मत आहे, कारण परीक्षक आणि अधिकारी त्याकडे पाहतात: 'फ्यूअर बसेस', 'लेस ट्रॅफिक'. परंतु अंतर, रक्कम आणि कालावधी यांच्यासोबत 'लेस दॅन' हेच नैसर्गिक आहे. 'लेस दॅन टेन किलोमीटर्स', 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज', 'लेस दॅन टू अवर्स' येथे 'फ्यूअर' लिहिणे म्हणजे नियम अर्धाच समजल्याची खूण.

त्याचे कारण असे की अंतर, रक्कम आणि कालावधी इंग्रजीत एकसंध मानले जातात. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज टू मच फॉर धिस बांगडा' येथे रुपये पाचशे असले तरी किंमत एक आहे. 'टेन इयर्स इज अ लाँग टाइम' येथे कालावधी एक आहे. पण 'टेन इयर्स हॅव पास्ड सिन्स द ब्रिज वॉज बिल्ट' या वाक्यात वर्षे एकामागून एक सरली, म्हणून 'हॅव'. मराठीत 'दहा वर्षे म्हणजे मोठा काळ' आणि 'दहा वर्षे गेली' ही दोन वाक्ये म्हणून पाहावीत. जिथे 'म्हणजे' बसते, तिथे बहुधा एकवचन येते.

माणसांच्या समूहांविषयी थोडक्यात. 'पोलिस' आणि 'पीपल' नेहमी अनेकवचनी: 'द पोलिस हॅव कम'. एक पोलीस आला असेल, तर 'अ पोलिस ऑफिसर' लिहावे. 'टीम', 'कमिटी', 'स्टाफ' आणि 'गव्हर्नमेंट' यांना अमेरिकेत एकवचन लावतात, तर ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात. दोन्हींपैकी एक निवडावे आणि त्या लेखात तेच शेवटपर्यंत ठेवावे.

पाचवी पायरी: क्रियापदाचे रूप

वचन ठरल्यावर काळ उरतो. 'डू', 'डझ' किंवा 'डिड' आले की मागचे क्रियापद मूळ रूपात जाते, कारण वचन आणि काळ या दोहोंचा भार या सहायकाने उचललेला असतो. 'डिड यू वेन्ट' आणि 'शी डझ नॉट वर्क्स' ही वाक्ये हा भार दोनदा टाकतात, म्हणून चूक ठरतात.

काळाच्या बाबतीत मराठीचा 'होतो' फार फसवतो. 'मी काल मडगावला गेलो होतो' हे आपले अगदी साधे वाक्य, त्याचे 'आय हॅड गॉन टू मडगाव यस्टरडे' असे इंग्रजी केले जाते. इंग्रजीत 'हॅड गॉन' तेव्हाच शोभते, जेव्हा भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी हे घडलेले असते: 'द फेरीबोट हॅड लेफ्ट बिफोर वी रीच्ड द जेटी'. दुसरी घटना नसेल, तर 'आय वेन्ट टू मडगाव यस्टरडे' एवढेच पुरे.

'पासून' हा शब्दही दोन प्रकारे चुकवतो. 'मी दहा वर्षांपासून फोंड्यात राहतो' यात मराठी वर्तमानकाळ वापरते, म्हणून इंग्रजीतही 'आय अ‍ॅम लिव्हिंग' लिहिले जाते. इंग्रजीला येथे 'हॅव' लागते. शिवाय 'सिन्स' आरंभाच्या क्षणासाठी असतो आणि 'फॉर' कालावधीसाठी असतो, म्हणून 'आय हॅव लिव्हड् इन फोंडा सिन्स 2015' किंवा 'फॉर टेन इयर्स'. 'सिन्स टेन इयर्स' कोठेही चालत नाही.

सहावी पायरी: लिहिलेले तपासणे

आता पंचायतीला द्यायचा एक नमुना अर्ज घेऊन सर्व पायऱ्या लावून पाहू. कच्चा मजकूर असा आहे: 'वन ऑफ द स्ट्रीट लाइट इन अवर वॉर्ड आर नॉट वर्किंग सिन्स टू वीक्स. आय हॅड गिव्हन टू अ‍ॅप्लिकेशन्स लास्ट वीक. द सरपंच हॅव सीन द रोड. द नंबर ऑफ कम्प्लेंट्स आर इन्क्रीजिंग. वी रिक्वेस्ट दॅट द लाइट इज रिपेअर्ड.'

पहिल्या वाक्यात 'वन ऑफ' आहे, म्हणून नाम 'लाइट्स' होईल आणि क्रियापद एकवचनी होईल. दोन आठवडे हा कालावधी आहे, म्हणून 'फॉर' आणि त्यासोबत 'हॅज बीन' लागेल: 'वन ऑफ द स्ट्रीट लाइट्स इन अवर वॉर्ड हॅज नॉट बीन वर्किंग फॉर टू वीक्स'. दुसऱ्या वाक्यात 'होता'ची छाया आहे. वेळ सांगितलेली आहे आणि दुसरी घटना नाही, म्हणून साधा भूतकाळ येईल: 'आय गेव्ह टू अ‍ॅप्लिकेशन्स लास्ट वीक'. तिसऱ्या वाक्यात आदरार्थी अनेकवचन शिरले आहे, तेथे 'द सरपंच हॅज सीन द रोड' होईल. चौथ्यात कर्ता 'संख्या' आहे, तक्रारी नाहीत, म्हणून 'द नंबर ऑफ कम्प्लेंट्स इज इन्क्रीजिंग'.

पाचवे वाक्य वेगळ्या जातीचे आहे. 'रिक्वेस्ट', 'इन्सिस्ट', 'रेकमेंड' आणि 'डिमांड' या क्रियापदांनंतर 'दॅट' आले आणि अर्थ 'अमुक व्हावे' असा असला, की औपचारिक इंग्रजीत पुढचे क्रियापद मूळ रूपात येते. त्याला एकवचनाचा 'एस'ही लागत नाही: 'वी रेकमेंड दॅट द कॉन्ट्रॅक्टर फिनिश द वर्क बिफोर जून'. मराठीत 'दुरुस्त करावा', 'पूर्ण करावे' असे विध्यर्थी रूप जिथे येते, तिथे इंग्रजीत हे मूळ रूप येते असे समजावे. 'इन्सिस्ट' मात्र 'ठामपणे सांगणे' या अर्थानेही येतो, तेव्हा नेहमीचा काळ लागतो: 'ही इन्सिस्ट्स दॅट द लाइट इज वर्किंग' म्हणजे दिवा चालू आहे असे तो ठासून सांगतो. आपल्या अर्जात दिवा दुरुस्त व्हावा अशी मागणी आहे, म्हणून शेवटचे वाक्य 'वी रिक्वेस्ट दॅट द लाइट बी रिपेअर्ड' असे लिहावे. 'बी' कानाला परका वाटत असेल, तर ब्रिटिश वळणाचे 'शुड बी रिपेअर्ड'ही तितकेच शुद्ध आहे.